मागच्या चाकांचं काम

रविवार, रात्री

आज गाडीचे मागचे कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, बदलले, दोन्ही बाजूचे. हाताचं काळं साबणानं पण जाऊन नाही राहिलं पण जीवाला बरं वाटून राहिलं.

खराबी पहिले आईला कळली. पुढचं काही बिघडलं की स्टेअरिंगवर लगेच हाताला समजते, मागचं मात्र मागे बसणाऱ्यालाच समजते, आणि मागे कोण बसते तर म्हातारी माणसं नाहीतर लेकरं, ते बोलतच नाहीत. आई म्हणे सिमेंट रोडचा जोड आला की सीटखाली कोणी ठोकल्यासारखं होते. आता नागपुरात जिकडे जा तिकडे सिमेंट रोडच. गाडी वर घेऊन टायरला आतून हात फिरवला, आतली कड पार गुळगुळीत आणि बाहेरून टायर चांगला दिसत होता! पोटात गोळाच आला, कारण याच टायरवर आईला घेऊन समृद्धीनं शिर्डीला जायचं होतं, 520 किलोमीटर, तेही 120 च्या स्पीडनं.

आर्मच्या टोकाला रबराचा बुश असते, तो फाटला की आर्म हलते, चाक सरळ राहत नाही आणि टायर आतून घासत जाते. रबर आहे शेवटी, वय झालं की तडकतेच, त्यात आपल्याकडचा 45 डिग्रीचा मे महिना.

खरा त्रास जुन्या बोल्टनं दिला. बुशच्या आतल्या नळीत गंजून असा बसला होता की पाना फिरवला की बोल्टसोबत नळी पण फिरे आणि नुसतं रबर पिळल्या जाई. ऑइल मारून वाट पाहिली, शेवटी ग्रायंडरनं कापला.

मिस्त्रीकाकांची एक गोष्ट मात्र मी कायम लक्षात ठेवणार. खोलायच्या आधीच त्यांनी चाकाच्या मधातून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून माप घेतलं अन् खडूनं दारावर लिहून ठेवलं. नवीन आर्म बसला, मी पाना लावला तर म्हणे, "थांबा भाऊ, चाक लटकून आहे, आता नका टाईट करू." मग हबखाली, म्हणजे चाक जिथं बसते त्या मधल्या भागाखाली, जॅक लावून तेच माप येईपर्यंत उचललं आणि मग बोल्ट आवळले. कारण बोल्ट आवळला की आतली नळी तिथंच पक्की होते, पुढं आर्म हलते ते रबर पिळूनच, म्हणजे लटकत्या चाकावर आवळलं तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहते आणि नवा बुश लवकर फाटते. लोकं म्हणतात नवीन पार्ट टिकत नाही, पण किती ठिकाणी हे माप घेत असतील?

टो सेटिंगच्या, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलेलं राहील ते ठरवणाऱ्या बोल्टवर जुन्या जागेची खूण करून तिथंच बसवलाय, पण ते फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतं. उद्या चारही चाकांचं अलाइनमेंट, पुढची दोनच करून सोडतात तिथं जायचंच नाही. मागचे दोन्ही टायर पण नवीन घेतो आधी, शिर्डी त्यानंतर.