केसपेपरच्या खिडकीवर गेलेले अडीच महिने

मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढायला गेलं की खिडकीतला माणूस नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "काय होतंय?" खिडकीला काच आणि काचेला जेमतेम हात जाईल एवढं भोक. त्यामुळं तो ओरडून विचारतो आणि आपणही ओरडूनच सांगायचं. ताप, कंबर, मूळव्याध, जे असेल ते सगळ्या रांगेला कळतं. मला सांगायचं होतं की माझी दारू हाताबाहेर गेलीय. हे एक वाक्य त्या भोकातून आत पोचवायला मला तीन खेपा आणि अडीच महिने लागले. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. वय ४६. बेवडा म्हटलं की गटाराशेजारी पडलेला माणूस डोळ्यांपुढं येतो. मी कधी पडलो नाही, घरात हात उचलला नाही, रोज साडेनऊला टेबलावर हजर. शिवाय माझ्याकडं हुकमाचं पान होतं, ते म्हणजे श्रावण. गटारीला मनसोक्त घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला शिवायचं नाही. बायको काही बोलली की मी हेच पान टाकायचो. "महिनाभर पीत नाही मी. बेवडा असतो तर जमलं असतं का?" त्यावर ती बिचारी काय बोलणार?

गेल्या श्रावणात दुसऱ्याच रात्री बनियन घामानं चिंब झालं. हात थरथरायला लागले, छाती धडधडत होती, झोपेचा पत्ता नाही. बायको म्हणाली, "अहो, उपास बाधतोय तुम्हाला, सोडा की." मलाही तेच पटलं. नवव्या दिवशी "तब्येतीसाठी" म्हणून एक नाइन्टी, म्हणजे ९० मिली, घेतली आणि अर्ध्या तासात हात ठरला. हिशेबाच्या धंद्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला या दोन नोंदींचा मेळ लागायला हवा होता. मी मात्र उपासाला दोष देऊन मोकळा झालो.

नंतर नवरात्रात बँकेनं माझा धनादेश परत पाठवला. सही जुळत नाही म्हणे. मुलाच्या क्लासच्या फीचा धनादेश होता. मी तणतणत बँकेत गेलो. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवरची माझी जुनी सही आणि धनादेशावरची सही शेजारी शेजारी दाखवली. जुनीतला शेवटचा फराटा सरळ गेलेला. नवीनमधला पावसाळी रस्त्यासारखा, तीन ठिकाणी खड्डे. सही सकाळी दहाला केलेली. संध्याकाळी केली असती तर जुळली असती हे मला तिथंच, त्या काउंटरपाशी कळलं आणि पोटात गोळा आला.

त्या रात्री मोबाइलवरचं महिन्याचं स्टेटमेंट काढलं. वाइन शॉपचं खातं कसल्याशा ट्रेडर्सच्या नावानं आहे, त्यामुळं नजर नेहमी त्यावरून पुढं जायची. मोजलं तर ३० दिवसांत २६ वेळा. उरलेल्या चार दिवसांचंही सांगतो. एक ड्राय डे, त्याचा माल आदल्या दिवशी भरलेला. बाकी तीन दिवस मित्रांनी पाजली होती. आता यापुढचं लिहायची लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून मी रोख पैसे द्यायला लागलो. स्टेटमेंट घरात दुसरं कुणी बघत नव्हतं, मी फक्त माझ्यापासून लपवत होतो. कुणी विचारलं की दारूचा त्रास झालाय हे ओळखायचं कसं, तर मी या रोखीचंच सांगतो.

आता खिडकी.

पहिली खेप दिवाळीनंतरच्या आठवड्यातली. अर्धी सुट्टी टाकून गेलो, तासभर रांगेत उभा राहिलो. पुढं तीन माणसं उरली असताना मागून आवाज आला, "साहेब, तुम्ही इकडं?" आमच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, आईला घेऊन आलेला. माझा नंबर आला. "काय होतंय?" मी म्हणालो, "ॲसिडिटी." झालं. मेडिसिनकडं रवानगी. तिथल्या डॉक्टरनं पोट दाबलं आणि मान वर न करता विचारलं, "दारू?" मी म्हणालो, "कधीतरी." त्यानं इंग्रजीत एक शब्द लिहिला, पित्ताच्या गोळ्या दिल्या, पुढचा पेशंट. बाहेर आल्यावर मी खरं तर खूश होतो. डॉक्टरला दाखवलं, त्यालाही काही वावगं वाटलं नाही. त्या रात्री क्वार्टरवर आणखी एक नाइन्टी झाली.

दुसरी खेप डिसेंबरात. या वेळी सकाळी आठलाच पोचलो, ओळखीचं कुणी नाही याची खात्री केली आणि खिडकीत तोंड घालून हळूच म्हणालो, "मानसोपचार." तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा तेच. तो ओरडला, "कोण आहे पेशंट?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "भाऊ." मला भाऊ नाही, दोन बहिणी आहेत. "पेशंटला घेऊन या. पेशंटशिवाय पेपर निघत नाही. आणि ते डॉक्टर आज नसतात." कुठल्या दिवशी असतात? "तिकडं जाऊन विचारा." तिकडं म्हणजे दुसऱ्या इमारतीत, दुसरा मजला. तिथं कुलूप आणि कुलपाशेजारी एक रिकामा फलक, त्यावर जुन्या चिकटपट्टीचे चार कोपरे. वारांची यादी तिथं कधीकाळी लावलेली असणार. ते चार कोपरे मला अजून दिसतात. एका कागदावर तीन ओळी टाइप करून डकवायला किती वेळ लागतो हो?

परत येताना वैताग एवढा की सात रस्त्यावर रिक्षा थांबवून दुकानात शिरलो. आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं दारू प्यायला परवाना लागतो. इतक्या वर्षांत दुकानात मला एकदाही कुणी परवाना विचारला नाही. प्यायला कागद लागत नाही आणि सोडायला कागद मिळत नाही, असं मी त्या दिवशी मित्रांना सांगून हशा मिळवला. एक जण म्हणाला, "कशाला सोडतो बे? तुझं काय जास्त आहे?" मला तेच ऐकायचं होतं. खिडकी बंद होती, डॉक्टर नव्हते, मी तर गेलो होतो. पुढचा महिना त्या रागावर आरामात काढला. राग खोटा नव्हता. पण रोज संध्याकाळी तो माझ्या कामाला यायचा.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपल्यावर तिसऱ्यांदा गेलो. या वेळी घरून चिठ्ठी लिहून नेली. "मानसोपचार विभाग. दारूसाठी. पेशंट मीच." चिठ्ठी भोकातून आत सरकवली. त्यानं ती वाचली आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं म्हणाला, "दारूचं होय? मग असं सांगा की! जुनी बिल्डिंग, बारा नंबर, मंगळवार-शुक्रवार, आज आहेत." मी मान खाली घालून मागच्या लोकांच्या नजरांची वाट बघत उभा. मागचा म्हातारा म्हणाला, "झालं असंल तर सरका की ओ पुढं."

बारा नंबरात तिशीच्या आतली डॉक्टर होती. तिनं माझा जुना पेपर वाचला, "कधीतरी" च्या त्या इंग्रजी शब्दावर पेन ठेवलं आणि विचारलं, "काका, कधीतरी म्हणजे रोज ना?" मी हो म्हणालो. बायकोला न सांगितलेली गोष्ट इतकी सहज निघाली याचं मलाच नवल वाटलं.

मग दहा प्रश्न. ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे, एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलं असं धरतात. वीस किंवा पुढं गेले तर दारूवर अवलंबून असण्याची शक्यता बरीच, मग नीट तपासणी करतात. एका बैठकीला किती, या प्रश्नावर मी "एक-दीड क्वार्टर" म्हणालो आणि मनात म्हटलं, म्हणजे दीडच की. तिनं गणित मांडलं, मी ते पेपरच्या मागं पुन्हा करून बघितलं. क्वार्टर १८० मिली, बाटलीवर लिहिलेलं ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात जवळपास ६० ग्रॅम. १० ग्रॅमचा एक ड्रिंक धरतात. म्हणजे एका क्वार्टरमध्ये सहा ड्रिंक आणि माझे रोजचे नऊ. ४२.८ हा आकडा मी वीस वर्षं लेबलावर बघत होतो, कधी गुणाकार केला नाही. पहिल्या तीन प्रश्नांतच ११ गुण झाले. एकूण २५. दहावीनंतर एवढे गुण मिळाल्याचं दुःख पहिल्यांदाच.

श्रावणाचं सांगितल्यावर मात्र ती गंभीर झाली. रोज इतकी घेणाऱ्यानं एकदम, स्वतःच्या मनानं बंद करू नये म्हणाली. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांपासून थरथर आणि घाम सुरू होऊ शकतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमिष्ट होऊन नसलेल्या गोष्टी बघायला लागतो आणि त्यात जीवही जातो. मी ज्याला उपास बाधणं म्हणत होतो ते हे होतं. म्हणून वाचणाऱ्याला एवढं कळकळीनं सांगतो की शपथ घेऊन, माळ घालून रातोरात सोडायच्या आधी डॉक्टरला भेटा. मला आठवडाभर उतरत्या प्रमाणात गोळ्या आणि थायामिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. बायकोला बोलावून घेऊन कुठली लक्षणं दिसली की रात्रीसुद्धा घेऊन यायचं ते सांगितलं. ॲडमिट व्हायचा पर्यायही ठेवला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुलं-सुनीताबाईंच्या मदतीनं उभं राहिलेलं. पण इतकी लांब रजा मिळणार नव्हती आणि बायको घरी लक्ष ठेवायला तयार होती, म्हणून घरीच. तो आठवडा फारसा आठवत नाही. मऊ भात आणि ताक आठवतं.

त्याच बैठकीत बायकोनं पर्समधून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "नकळत दारू सोडवा" अशी भिंतीवरची जाहिरात वाचून मागवलेली, माझ्या आमटीत कालवायला. हिंमत झाली नव्हती म्हणून पर्समध्येच राहिली. डॉक्टरनं ती कचऱ्यात टाकली. दारूशी जुळत नाही असं औषध असतं, पण ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच देतात. नकळत पोटात गेलं आणि वरून दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. मी पुडीकडं बघत होतो. दिवाळीत विकत घेतली म्हणाली. म्हणजे मी खिडकीवर भावाला आजारी पाडत होतो तेव्हा ती पुडी घरात होती.

रक्तात यकृताचे आकडे वाढलेले निघाले, सोनोग्राफीत चरबी. चरबी असताना थांबलं तर यकृत बरंचसं सावरतं, माझं सावरतंय.

आठवतील तशा दोन-चार गोष्टी. रांगेत जीव घाबरत असेल तर आधी १४४१६ ला फोन करा. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, टेली-मानस, फुकट, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वेगळा आहे. हे नंबर मला फेब्रुवारीत कळले, तेव्हा स्वतःच्या कपाळावर हात मारला. खिडकीवर आजार सांगायची गरज नसते, नुसतं विभागाचं नाव खणखणीत सांगा आणि पेशंट स्वतःच आहात हेही सांगा, भाऊ काढू नका. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, सभेला मी नाक मुरडत गेलो, तिथं आडनाव विचारत नाहीत, वर्गणीची सक्ती नाही. मला तिथं बोलायला तीन सभा लागल्या.

एप्रिलमध्ये बार्शीला भाच्याच्या लग्नात दोन पेग झाले. शुक्रवारी जाऊन सांगितलं. मला वाटलं डॉक्टर झापेल. तिनं तारीख लिहिली, कुणाबरोबर, किती वाजता, जेवण झालं होतं का, एवढं विचारलं. जेवण झालं नव्हतं. आता लग्नात आधी पंगतीला बसतो, वऱ्हाडी हसतात.

आणि केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. जूनमधल्या पहिल्या पावसात माझा भिजून लगदा झाला आणि नवा काढायला त्याच खिडकीवर पुन्हा पाऊण तास गेला. यादी अजून लावलेली नाही.