एवढं चिडून का लिहिता?

"विज्ञानावर लिहिता ना, मग नुसती माहिती द्या, त्यात तुमची मतं आणि एवढा संताप कशाला?" हे मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, आणि मी दर वेळी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

चार वर्षांपूर्वी ऐन लावणीत शेजारच्या वाडीतल्या नववीतल्या पोराला बांधावर घोणस चावली. घरच्यांनी मांडीला नाडा करकचून आवळला, आधी मांत्रिकाकडे नेलं, तिथे तीन तास गेले, मग ग्रामीण रुग्णालय. मी तिथे होते. सिस्टरनी त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळीला हात लावू नका म्हणून बजावून बाजूला ठेवून दिली, २० मिनिटं. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, ते बघायची ही साधी टेस्ट. त्याची आई त्या नळीकडे टक लावून बसलेली. २० मिनिटांनी सिस्टरनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. लगेच अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चालू केलं, पण तोवर किडनीवर परिणाम झाला होता, पुढे डायलिसिस करावं लागलं. वाचला पोरगा.

आता यावर नुसती माहिती द्यायची तर देता येते की. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं औषध आपल्याकडे घोड्यांच्या रक्तापासून बनतं, हाफकिन या सरकारी संस्थेत कित्येक वर्षं बनत आलंय, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सगळं खरं. पण औषध असताना माणसं मरतात, हे वाक्य मला शांतपणे लिहिता येत नाही आणि यायलाही नको असं माझं ठाम मत आहे.

शिवाय मांत्रिकाचा गुण येतो असं लोक म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात हो. बरेचसे साप बिनविषारीच असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, मग अशी माणसं मंत्राने काय आणि नुसतं बसून काय, बरी होणारच होती. पण मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. तिथे मंत्र म्हणत घालवलेला एकेक तास जिवावर बेततो, आणि हे माहीत असूनही जो पैसे घेऊन अंगारा देतो त्याच्यावर मी चिडणारच.

पण माझा राग कुठे चुकला तेही सांगते. त्या पोरावरचा पहिला मजकूर मी रात्रीत लिहिला आणि त्यात घरच्यांना धुऊन काढलं. छापायच्या आधी सिस्टरना दाखवला, रक्ताच्या टेस्टचं बरोबर लिहिलंय का एवढंच विचारायला. त्या म्हणाल्या टेस्टचं बरोबर आहे, पण ताई, त्या रात्री जवळच्या आरोग्य केंद्राला कुलूप होतं, ॲम्ब्युलन्स नव्हती, आणि मांत्रिकाचं दार उघडं होतं, हे कुठेय यात? नव्हतंच. मी विचारलंच नव्हतं कोणाला. मग सगळं पुन्हा लिहिलं, राग तेवढाच, फक्त आता तो कुलपावर होता, आणि माझ्या मते काय करायला हवं ते "माझं मत" म्हणून वेगळं लिहिलं, म्हणजे कोणाला खोडायचं तर ते खोडता येईल, नळीतलं रक्त नाही.

तो जुना कागद अजून माझ्याकडे आहे. सिस्टरनी पेनाने त्यातला एकच शब्द खोडलाय, "अडाणी", आणि वर लिहिलंय, "२२ किलोमीटर".