आमची वाटचाल : कंटूरच्या कागदावरून उभ्या डोंगरापर्यंत

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं छोटंसं ऑफिस आहे. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्लॉटर, मागच्या खोलीत लेझर कटिंगचं मशीन. काम थोडक्यात सांगायचं तर सपाट कागदावरचे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, घ्यायचे आणि त्यातनं जमीन उभी करायची, आधी स्क्रीनवर आणि गरज असेल तर एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) किंवा थ्रीडी प्रिंटरवर, हातात धरता येईल अशी. बरेच जण म्हणतात ह्यात काय एवढं, सॉफ्टवेअर करतं की सगळं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू, कसं सुरू झालं, काय शिकलो आणि आत्ता कुठवर आलोय.

मी आयटीआयचा सिव्हिल ड्राफ्ट्समन. सुरुवातीची वर्षं एका आर्किटेक्टकडं काढली, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, चुकलं की ब्लेडनं खरवडायचं, मग अमोनिया प्रिंट काढून आणायच्या. 2004 साली स्वतःचं ऑफिस टाकलं, ऑटोकॅडवर घरांचे प्लॅन आणि एन.ए., म्हणजे बिगरशेती जागेचे, लेआउट करायचो. लेआउटच्या कामात सर्व्हेअर कंटूर शीट आणून द्यायचे, ती आम्ही साफ करून प्रिंट काढायचो आणि जागेचा मालक ती प्रिंट टेबलावर पसरून बराच वेळ बघायचा, मान हलवायचा आणि शेवटी विचारायचा, "साहेब, म्हणजे माझा प्लॉट वर येतो का खाली?" पैसे त्यानं दिलेले, जमीन त्याची आणि त्याच जमिनीचा कागद त्यालाच वाचता येत नाही. हे मला पहिल्यापासून खटकत होतं.

2006 ला गूगलनं स्केचअप हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट वापरायला दिलं आणि तिथून आमची गाडी ह्या रस्त्याला लागली. त्यात सँडबॉक्स म्हणून टूल आहे, फ्रॉम कंटूर्स. प्रत्येक रेषा तिच्या उंचीवर उचलून ठेवायची, सगळ्या सिलेक्ट करायच्या, क्लिक करायचं, की रेषांवर कातडं चढतं. यवतेश्वरच्या बाजूच्या एका लेआउटचे एक मीटरचे कंटूर असे उचलले, मालकाला खुर्चीत बसवलं आणि माऊसनं जमीन फिरवून दाखवली. तो लगेच म्हणाला, पावसाळ्यात पाणी इथनं येतं बघा, रस्ता इथं नको. कंटूर शीटवर हेच सगळं आधीपासून होतंच की, फक्त ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या दिवसापासून लेआउटच्या प्रत्येक कामात थ्रीडी द्यायला लागलो, वेगळे पैसे न घेता, आणि मग लोक फक्त थ्रीडीसाठीच यायला लागले.

पुढं ऑटोडेस्कचं सिव्हिल थ्रीडी घेतलं, आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला ते महागच होतं पण घेतलं. आता आतमध्ये काय होतं ते सांगतो, कारण हे माहीत असलेलं बरं. सॉफ्टवेअर कंटूरवरचे बिंदू घेतं आणि त्यांच्यात त्रिकोण जोडत जातं, त्याला टिन सरफेस म्हणतात. कुठले तीन बिंदू जोडायचे ह्याचा नियम डेलोने ह्या रशियन गणितज्ञानं 1934 साली मांडला, त्रिकोण शक्यतो लांबुळके बारीक होऊ नयेत असा त्याचा सगळा रोख. मला ह्यात एक गोष्ट फार आवडते, 1802 साली लॅम्बटननं मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली ती पण त्रिकोणांनीच, आणि आज आपण त्याच देशाची जमीन कॉम्प्युटरमध्ये उभी करतो ती पण त्रिकोणांनीच.

पण सॉफ्टवेअरला डोंगर माहीत नसतो. त्याला फक्त बिंदू दिसतात. त्यामुळं ओढ्याच्या जागी, जिथं कंटूर वळून इंग्रजी व्ही सारखा होतो, तिथं ते एकाच रेषेवरचे तीन बिंदू पकडतं, तिन्ही सारख्याच उंचीचे, मग तो त्रिकोण एकदम आडवा. असे आडवे त्रिकोण ओळीनं आले की ओढा उताराचा राहतच नाही, टप्प्याटप्प्याचा होतो आणि पाण्याचा हिशोब लावला की प्रत्येक टप्प्यावर पाणी अडलेलं दाखवतो. डोंगराच्या सोंडेवर पण तसंच. माथ्यावर तर शेवटच्या कंटूरच्या वर सगळं छाटून टाकल्यासारखं सपाट, आणि आपल्याकडं खरोखरचे सपाट माथे इतके आहेत की बघणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅट एरिया कमी करायची सोय आहे, ती थोडं सावरून घेते, पण आम्ही ओढ्याची रेषा हातानं काढतो, वरून खालपर्यंत, तिला ब्रेकलाइन करतो, म्हणजे त्रिकोण ती रेषा ओलांडून जोडले जात नाहीत, आणि माथ्यावर स्पॉट हाइट, म्हणजे त्या जागेची मोजलेली उंची, टाकतो. त्याला वेळ लागतो, गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, तरी केल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही.

सह्याद्रीचा तर विषयच वेगळा. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक थर, मध्ये उभा कडा, मग थोडी माची, परत कडा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, कंटूर 20 मीटरला एक, आणि कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. आता साठ मीटरचा ताशीव कडा त्या कागदावर कसा यायचा? तीन रेषा एकमेकींना चिकटतात, ड्राफ्ट्समननं कड्याची खूण काढलेली असते, स्कॅन करून डिजिटाइझ करताना ती खूण कोणी घेतच नाही आणि मॉडेल तयार झालं की किल्ला गोल गुळगुळीत टेकडी होऊन बसतो. अशी किल्ल्यांची मॉडेलं बघितली की मला वाईट वाटतं, कारण कडा हाच तर किल्ल्याचा मुद्दा, तो नसता तर तिथं किल्ला कशाला बांधला असता. आम्ही कड्याची वरची कड आणि खालची कड अशा दोन ब्रेकलाइन काढतो. त्यात एक मेख आहे, टिनमध्ये एकाच एक्स-वायवर, म्हणजे एकाच जागेवर, दोन झेड, म्हणजे दोन उंच्या, चालत नाहीत, म्हणून खालची रेषा अगदी जराशी बाहेर सरकवायची, मग कडा उभा राहतो. कडा नक्की कुठून कुठपर्यंत हे कागदावरून कळलं नाही तर फोटो बघतो, तरी नाही कळलं तर गाडी काढून जाऊन बघून येतो.

टोपोशीटवरून काम करताना अजून एक गोष्ट सांभाळावी लागते. जुनी शीटं एव्हरेस्ट नावाच्या डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या पायावर, आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस 84 ह्या दुसऱ्या डेटमवर. दोन्ही तसंच एकावर एक ठेवलं की ओढा शेजारच्या शेतात सरकलेला दिसतो. 2005 च्या नकाशा धोरणानंतर ओपन सिरीजची शीटं नव्या डेटमवर यायला लागली आणि 2021 च्या फेब्रुवारीत नियम बरेच मोकळे झाले, त्यामुळं आता काम पुष्कळ सोपं झालंय. आकडे टाकताना पण डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, 780 च्या जागी 870 पडलं की माळाच्या मध्यात 90 मीटरची भिंत उभी राहते. ती दिसते तरी. 740 च्या जागी 760 पडलं तर चटकन दिसत नाही, म्हणून आमच्याकडं एक जण उंच्या टाकतो आणि दुसरा त्याच्या मागं बसून वाचतो, ही पद्धत पहिल्यापासून आहे.

ज्या कामानं आमचं ऑफिस खऱ्या अर्थानं बदललं ते पाण्याचं. 2016 हे वॉटर कपचं, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेचं, पहिलं वर्ष, तीन तालुके होते, त्यात आपला कोरेगाव, आणि वेळू गाव पहिलं आलं. त्या उन्हाळ्यानंतर आजूबाजूच्या तालुक्यातली गावं माथा ते पायथा काम करायच्या मागं लागली, आणि खटाव तालुक्यातल्या एका गावातली पोरं टोपोशीटची झेरॉक्स घेऊन आमच्याकडं आली. म्हणाली चर कुठं, बांध कुठं, हे गावातल्या सगळ्यांना एकदम दिसेल असं काहीतरी करून द्या. मी हिशोब मांडला, 1:5000 ला 20 मीटर म्हणजे बरोबर 4 मिलिमीटर, आणि 4 मिलिमीटरचा एमडीएफ बाजारात मिळतो, म्हणजे एक थर एक कंटूर. शिवार साधारण चार किलोमीटर बाय तीन, म्हणजे मॉडेल 80 बाय 60 सेंटिमीटर, जीपमध्ये मागच्या सीटवर मावणारं. प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या थराची रेषा लेझरनं हलकी कोरून ठेवली, म्हणजे फेविकॉल लावताना थर सरकत नाही, आणि ओढे निळ्या रंगानं रंगवले.

देवळात ग्रामसभा होती, मॉडेल मध्ये ठेवलं. आधी पोरंच बोलत होती. मग एक आबा पुढं आले, धोतर सावरून खाली बसले आणि बोटानं चाचपत चाचपत वर गेले. मला वाटलं घर शोधतायत. ते एका सोंडेच्या मागं थांबले आणि म्हणाले, "हितली वगळ कुठाय?" वगळ म्हणजे पाण्याची छोटी घळ. कागदावर ती वगळ नव्हतीच, एवढीशी, 20 मीटरच्या दोन कंटूरच्या मध्ये मावून गेलेली. आबांचं म्हणणं होतं की पहिला जोराचा पाऊस पडला की सगळी माती त्याच वगळीनं खाली येते. मग बायका पुढं झाल्या, एकीनं झरा दाखवला, एकीनं पूर्वी पाणी भरायचं ते टाकं दाखवलं. मी खिशातल्या स्केचपेननं मॉडेलवरच खुणा करत गेलो. दुसऱ्या दिवशी पोरांबरोबर वर चढून जीपीएसनं त्या जागा घेतल्या, वगळ ब्रेकलाइन म्हणून सरफेसमध्ये घातली आणि मातीचे बांध वगळीच्या माथ्यापासून सुरू करायचं ठरलं. ते ठरवलं गावानं. आम्ही फक्त जमीन त्यांच्यासमोर ठेवली होती. तेव्हापासून गावाचं मॉडेल करायचं असेल तर आधी कच्चं करून नेतो, लोकांना हात लावू देतो आणि मगच पक्कं करतो.

आता उपग्रहाचा डेटा पण फुकट मिळतो. 2000 सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानानं 11 दिवसांत रडारनं पृथ्वीवरची जवळजवळ 80 टक्के जमीन मोजली, त्याचा डेटा आधी आपल्याला 90 मीटरला एक बिंदू असा मिळायचा, मग 30 मीटरचा आला. आपल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाचा डेम, म्हणजे उंच्यांचा डेटा, इस्रोच्या भुवन ह्या वेबसाइटवर आहे. क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मोठं खोरं बघायला हे उत्तम, आम्ही रोज वापरतो. पण एखाद्या एकराचा हिशोब त्यावर लावू नये, 30 मीटरच्या चौकोनात आपलं सगळं शेततळं बसतं. ड्रोनचं काम आलं तर ते पण घेतो, फक्त साताऱ्यात एक विचारावंच लागतं, ऊस उभा होता का? ड्रोन वरून फोटो काढतो, त्याला ऊसाचा शेंडा दिसतो, माती दिसत नाही आणि मग शेत आहे त्याच्यापेक्षा दोन-तीन मीटर उंच येतं. अशा वेळी टोटल स्टेशन ह्या मोजणीच्या यंत्रानं बांधाबांधानं लेव्हल घेतलेल्या बऱ्या.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. सरफेस तयार झाला की त्यावरून उताराचा रंगीत नकाशा निघतो, आणि राज्याच्या बांधकाम नियमात 1:5 पेक्षा जास्त उतार असेल तर तिथं बांधकामाला परवानगी नाही. 1:5 म्हणजे पाच मीटर चाललं की एक मीटर चढ, साधारण 11 अंश. सॉफ्टवेअरमध्ये सरफेस स्मूथ करायची आज्ञा आहे, दोनदा चालवली की जास्त उताराचा लाल पट्टा पिवळा होतो. एकदा एक जण ह्याच कामासाठी आला होता, रक्कम पण चांगली बोलला, आम्ही फाइल परत दिली. 2014 चं माळीण आणि 2023 चं इर्शाळवाडी झालेल्या महाराष्ट्रात डोंगराचा उतार कागदावर कमी करून द्यायचा हे आमच्या हातून होणार नाही, कितीही पैसे मिळाले तरी.

आज आमच्याकडं लेआउट, शेततळ्याच्या खोदाईचं माप, रस्त्याचं कट-फिल (किती खोदायचं, किती भरायचं), गावांची पाणलोट मॉडेलं आणि शाळांसाठी किल्ल्यांची मॉडेलं असं सगळं चालतं. शाळांच्या मॉडेलमध्ये उंची ताणायची का हा प्रश्न नेहमी येतो, छोट्या स्केलला डोंगर चपटा दिसतो म्हणून दीडपट करतो, पण खाली ठळक लिहितो की उंची दीडपट आहे, म्हणजे पोरगं उद्या गडावर गेल्यावर गोंधळणार नाही. आयटीआयची पोरं शिकायला येतात, त्यांना पहिले काही दिवस माऊसला हात लावू देत नाही, कंटूर शीट आणि पेन्सिल देतो, ओढे निळे करा, सोंडा तांबड्या करा. ते जमलं की सॉफ्टवेअर आठवड्यात येतं.

काम घेऊन येणार असाल तर एवढं करा, सर्व्हेअरकडनं ऑटोकॅडची मूळ फाइल मागून घ्या, उंच्या झेडमध्ये असलेली, नुसते रेषांवर लिहिलेले आकडे असले तर आम्हाला सगळं परत टाकावं लागतं आणि तुमचा खर्च वाढतो. बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायला धरलेली पक्की खूण, कुठं धरला आणि त्याचा आर.एल., म्हणजे धरलेली उंची, काय ते विचारा, मोजणी कुठल्या महिन्यात झाली ते पण. व्हॉट्सॲपवर नकाशाचा फोटो पाठवू नका, तो कडेनं वाकडा येतो, स्कॅन करून आणा नाहीतर कागदच घेऊन या. आणि येताना घरातलं एखादं जुनं माणूस बरोबर आणता आलं तर आणा, जमीन स्क्रीनवर उभी राहिली की त्यांना बरंच काही सांगायचं असतं.