या वयात कार्टून कसलं बघता?

घरी आलेला पाहुणा टीव्हीकडे एक नजर टाकतो आणि विचारतो, "पोरं मोठी झाली, तरी तुमचं कार्टून सुटलं नाही? काय असतं एवढं त्यात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतेच.

जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा कार्टूनपट 'माय नेबर टोटोरो' घ्या, १९८८ सालचा. दोघी बहिणी भर पावसात बसस्टॉपवर वडिलांची वाट बघत उभ्या आहेत. बस येते, वडील उतरत नाहीत. धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपून जाते. तेवढ्यात शेजारी एक अगडबंब केसाळ प्राणी येऊन उभा राहतो, डोक्यावर एवढंसं पान. थोरली त्याला वडिलांसाठी आणलेली छत्री देते. छत्रीवर थेंब टपटपतात आणि त्या आवाजावरच तो खूश. बराच वेळ बाकी काही घडतच नाही. इतर सिनेमात टँकर बोलावला की पाऊस पडतो. इथं तो कुणीतरी बसून हातानं काढलेला असतो. एवढा घाम गाळून नुसतं वाट बघणं दाखवायचं! मी तिथंच विकली गेले.

आणि हे सगळं लहान मुलांचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: जपानमध्ये 'टोटोरो'च्या जोडीनं, एकाच खेळात, दिग्दर्शक ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हाही कार्टूनपटच दाखवत होते. युद्धात आई गेलेली दोन भावंडं आणि त्यांची उपासमार. मी तो एकदा बघितला. पुन्हा लावायची छाती होत नाही.

आता सगळंच अ‍ॅनिमेशन मला आवडतं असं नाही. 'द लायन किंग' २०१९ साली नव्यानं केला, तेव्हा सिंह इतके हुबेहूब केले की चेहऱ्यावर काही उमटेचना. १९९४च्या सिंहांना भुवया होत्या हो! खऱ्या सिंहाला रडता येत नाही, कबूल. पण मग तो गातो तरी कुठे?

बाकीचे सिनेमेही बघते. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' माझा लाडका. कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवतात आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच उभा. इथंच संपायला हवा होता, असं म्हणणारे भेटतात. मला मात्र पुढची न्यायाधीशांची सहल हवीच. कोर्टाबाहेर हा माणूस कसा वागतो, ते बघितल्याशिवाय त्याच्या निकालांचा राग पुरता येत नाही.

सुरुवात कुठून करू म्हणाल, तर 'टोटोरो'पासून. घरात लहान मूल नसलं तरी चालतं. 'फायरफ्लाइज' मात्र रविवारी रात्री लावू नका, सोमवारी ऑफिस असतं.