करंगळीचे दहा सेकंद

काका व्हीलचेअरवरून आले तेव्हा मांडीवर पाण्याची बाटली होती. दर दोन मिनिटांनी एक घोट. मे महिना, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी नसांच्या तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पेशंट तिला 'करंटची तपासणी' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. काकांचे पाय चार महिने उचलत नव्हते. एकाने 'मणक्यात गॅप' सांगून पट्टा बांधला होता, दुसऱ्याने साखरेवर ढकललं होतं. "खुर्चीतनं उठवत नाही बघा," काकू म्हणाल्या, "पण चार पावलं टाकली की मग जरा जमतं." मी 'हं' म्हटलं आणि वायरी लावल्या.

स्पर्शाच्या नसा ठणठणीत. मनगटावर करंट दिला, तर करंगळीच्या स्नायूचं उत्तर १.१ मिलिव्होल्ट. सहाच्या आसपास तरी यायला हवं होतं. चकती नीट चिकटली नसेल म्हणून बदलली, हात गार वाटला म्हणून शेकला. १.२. पायांतही पडद्यावर तसंच बुटकं टेकाड. 'मोटर न्यूरोपथी', म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसांचा आजार, असं टाइप करायला घेतलंच होतं, तेवढ्यात काकूंचं बोलणं डोक्यात परत वाजलं. मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात माणूस जोर लावून थकतो. हे तर उलटंच!

"काका, करंगळी माझ्या बोटावर बाहेर ढकला. जोरात. मी दहा मोजतो."

त्यांनी सोडल्या सोडल्या करंट दिला. ४.३.

लॅम्बर्ट-ईटन. १९५६ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी वर्णन केलेला आजार. मी तोवर फक्त पुस्तकात पाहिलेला. स्नायूला निरोप देताना नसेच्या टोकाला कॅल्शियम आत घ्यावं लागतं. फुप्फुसाच्या एका कॅन्सरच्या पेशींवरही कॅल्शियमची तीच दारं असतात. शरीर कॅन्सरवर अँटिबॉडी सोडतं आणि त्याच अँटिबॉडी नसेची दारंही बंद पाडतात. जोर लावला की आत थोडं कॅल्शियम साठतं, म्हणून घटकाभर ताकद येते. रोजच्या तपासणीत हे दहा सेकंद नसतात, कुणीतरी मुद्दाम मोजावे लागतात.

"काय निघालं?" काकांनी विचारलं. डॉक्टर सांगतील, म्हणालो. हे वाक्य आम्हाला पाठच असतं, त्या दिवशी ते जड गेलं.

सरांनी येऊन आधी बाटलीकडे पाहिलं. "तोंड सुकतं का?" तेही त्याच आजारातलं. मग विडी. तीस वर्षं, दिवसाला एक बंडल. छातीचा एक्स-रे फाइलमध्ये होता, स्वच्छ. तरी सीटी झाला आणि छातीच्या मधोमध सुजलेल्या गाठी दिसल्या. बायोप्सीत स्मॉल सेल, तोच फुप्फुसाचा कॅन्सर. खोकला नव्हता, रक्त नव्हतं, पायांनीच चहाडी केली होती.

चार केमो झाल्यावर काका परत आले, काठी टेकत, चालत. या वेळी विश्रांतीतच ३.० मिळाले.

"मागच्यापेक्षा जोरात दिलास का रे करंट?"

करंट तेवढाच होता.