झाडाचा शेंबूड

"ह्या काय गो? झाडाचो शेंबूड जमवतंस?" आंबोलीत वाट दाखवायला येणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी जमवत होते ती जेलीसारखी बुरशी. ऐटीत तिचं नाव सांगितलं, ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस. त्यांनी मान डोलावली. "सुकलो की कायच रवाचा नाय."

खरंच काही राहिलं नाही. पडलेल्या फांदीवरचा तो पांढरा, पाकळ्यापाकळ्यांचा, आरपार दिसणारा गोळा चाकूने अलगद सोडवून ब्राउन पेपरच्या पुडीत घातला, घरी सुकवला. तिसऱ्या दिवशी आत पिवळट पापुद्रा, गोंद सांडून वाळल्यासारखा. नखाने सोडवायला गेले तर कागदासकट निघाला.

त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे फांदी जंगलातच टाकून आले होते. ही ट्रेमेला दुसऱ्या बुरशीच्या जिवावर जगते. आसपास सालीवर काळे, कोळशासारखे टणक फोड दिसतात ना, ती तिची यजमान, अ‍ॅन्युलोहायपोक्सिलॉन. ती पुडीत नाही म्हणजे निम्मी नोंद गेली.

आता छोटी करवत नेते. सालीसकट तुकडा कापायचा आणि डबीत ठेवायचा. पिशवीत दाबला की लगदा होतो. खोलीवर आल्यावर चहाच्याही आधी वही. रंग, पट्टी ठेवून फोटो, बोटाला कसं लागतं ते. ऑरिक्युलारिया ही अशीच दुसरी बुरशी कानाच्या पाळीसारखी लवचीक, ट्रेमेला बुळबुळीत. हे सगळं सुकल्यावर पुडी सांगणार नाही, त्यामुळे माझ्या मते वहीशिवायची पुडी म्हणजे नुसता कचरा. मग मेणकागदावर ठेवून 40 अंशांच्या आसपास सावकाश सुकवायचं. मध्येच वीज गेली तर बुरशीला बुरशी लागते, हेही पाहून झालंय.

पण काकांचं सगळंच खरं नव्हतं. जुन्या पुडीतला नखाएवढा कपचा काचपट्टीवर ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 3 टक्के द्रावणाचा थेंब सोडला की तो फुगू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू धरणाऱ्या पेशी पुन्हा दिसतात: ट्रेमेलाच्या उभ्या पडद्यांनी विभागलेल्या, ऑरिक्युलारियाच्या आडव्या, आणि डॅक्रिओपिनॅक्स या तिसऱ्या जेलीसारख्या बुरशीच्या बेचकीसारख्या दुभंगलेल्या. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचे अभ्यासक अजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. तसल्या कपाटांतल्या वाळक्या पुड्यांना अर्थ येतो तो यामुळेच.

यंदा जुलैत काकांनीच हाक मारली. "चायवाल्याच्या बाकड्यार तुझो शेंबूड इलो हा!" बघते तर फळीच्या भेगेत नारिंगी, चमच्यासारख्या टोकांची रांग. डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलारिया; कामाच्या लाकडावरही बिनधास्त उगवते. वनखात्याचा परवाना पिशवीत होता, पण तो जंगलापुरता. मी करवत काढताच चहावाला बाकड्यावर येऊन बसला. शेवटी दोन चहा आणि भजीची एक प्लेट यावर तडजोड झाली, आणि फळीची एक ढलपी मिळाली.