हे काय आहे ओळखा पाहू

चाळिशीचा चष्मा लागला आणि मग लक्षात आलं की ज्या मराठी संस्थळांवर आपण इतकी वर्षं पडीक असायचो तिथली अक्षरं मुंगीएवढी आहेत. घरी ठीक आहे, चष्मा असतो. पण मी वाचते ते ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये, एक हात वर कडीला, पर्स पुढे घेतलेली, दुसऱ्या हातात फोन, चष्मा पर्सच्या तळाशी, म्हणजे सगळा कारभार एका अंगठ्याच्या जिवावर. आणि आपल्या या जागांचा जन्म अंगठ्याच्या आधीचा आहे हो. मायबोली १९९६ ची, मिसळपाव २००७ चं. तेव्हा लोक टेबलाशी माउस धरून बसायचे, घरातली फोनची लाइन अडवून, आणि एखादं चित्र उघडायला घेतलं की ते वरून पट्टी पट्टी करत खाली यायचं, आधी आभाळ, मग डोंगराचं टोक, पायथा यायच्या आत लाइन कट. त्यामुळे सगळा मामला शब्दांचा. एकाखाली एक शीर्षकं, शेजारी प्रतिसादांचा आकडा, बास.

त्या आकड्यावरून आत काय असेल ते बरोब्बर कळायचं. ८७ प्रतिसाद म्हणजे भांडण लागलंय, चहा घेऊन बसा. ३ प्रतिसाद म्हणजे कविता. (त्यातले दोन कवीचेच, आभाराचे.) मी स्वतः कधी फारसं लिहिलं नाही, वर्षानुवर्षं रोमात. रोमात म्हणजे नुसतं वाचायचं, बोलायचं नाही, हा शब्द ज्याला कळतो तो आपल्यातला.

तर झालं असं की यंदा पावसाळ्यात मी ठरवलं, आता आपल्याला चित्रांची जागा हवी. गप्पा, चर्चा, भांडणं सगळं तेच हवं, पण फोटो मोठे, अंगठ्याने सरकवत जायचं, बारीक अक्षरावर नेम धरून टिचकी मारायला नको. शोधायला लागल्यावर कळलं की हे दुखणं माझ्या एकटीचं नाहीये. रेडिट नावाचं चर्चांचं मोठं इंग्रजी संस्थळ आहे, त्याने २०१८ मध्ये सगळं रूपच पालटलं, आधी तिथेही नुसत्या ओळी आणि शेजारी टिकलीएवढं चित्र असायचं, मग एक मोठ्ठं कार्ड, त्याखाली दुसरं कार्ड असं आलं, आणि जुन्या लोकांनी एवढा दंगा केला की जुनं रूपही वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवावं लागलं. पिंटरेस्ट या फोटो जमवायच्या संस्थळाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे लहानमोठे फोटो एकमेकांच्या फटीत बसवलेले, कोकणात आमच्या वाडीभोवती गडगा आहे तसं, चुना नाही सिमेंट नाही, दगडाला दगड धरून. बघायला छान वाटतं, पण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं कळत नाही.

थांबायचं कळत नाही याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी पानाच्या तळाशी १, २, ३, ४ असे आकडे असायचे, तिथे क्षणभर का होईना बोट थांबायचं. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या माणसाने खाली जाईल तसं आपोआप पुढचं येत राहील अशी सोय काढली, आणि पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितलं की मला याचा पस्तावा होतोय. आता पस्तावून काय उपयोग, आमचं नाहूर आलं, भांडुप आलं आणि गेलं.

पण मी तक्रार करायला नाही बसलेले, मला आवडलं ते. शीर्षकांची यादी म्हणजे हॉटेलातलं मेनूकार्ड, नाव माहीत असेल तर मागवा. आणि हे फोटोवालं प्रकरण म्हणजे मिठाईच्या दुकानाची काच. नाव गेलं उडत, काचेवर बोट टेकवायचं आणि ‘ते द्या पाव किलो’ म्हणायचं. रेडिटवर तर एक अख्खा कोपराच आहे, लोक नुसता फोटो टाकतात आणि विचारतात, ही वस्तू काय आहे. आजोबांच्या पेटीत सापडलेलं काहीतरी, भिंतीत सापडलेलं काहीतरी. तसाच झाडं ओळखायचा एक आहे. मी दोन्हींवर तासन्‌तास काढलेत.

असंच एकदा विक्रोळीच्या आसपास अंगठा थांबला. पांढरं, हस्तिदंतासारखं काहीतरी, बारीक नक्षीचा दांडा, टोकाला छोटं चाक, चाकाला लाटालाटांची कड. मनात म्हणलं, अगं बाई, हे तर आपलं कातण! करंज्या कातायचं. फक्त आपलं पितळेचं असतं. आत शिरून प्रतिसाद वाचले तर ते निघालं व्हेलच्या दाताचं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या नँटकेट, न्यू बेडफर्ड अशा बंदरांतून व्हेल मारायला जहाजं निघायची, तीन-तीन चार-चार वर्षं घरी यायची नाहीत, आणि व्हेल काही रोज भेटत नाही, मग खलाशी रिकामा वेळ घालवायला स्पर्म व्हेलच्या दातांवर, हाडांवर कोरीवकाम करत बसायचे. स्क्रिमशॉ म्हणतात त्याला. आणि त्यात ही चाकं अगदी नेहमीची, ‘पाय’ची (म्हणजे त्यांच्याकडचा सारण भरून भाजलेला पदार्थ) कड कातायला, घरी बायकोला नाहीतर आईला द्यायला. न्यू बेडफर्डच्या म्युझियममध्ये अशी कितीतरी ठेवलेली आहेत.

व्हेलची कीव मला जरा उशिराच आली, खरं सांगते. आधी डोळ्यासमोर तो माणूस आला, भर समुद्रात वर्षानुवर्षं, खायला खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं, आणि हातातल्या दातातून हा काय कोरतोय तर ‘पाय’ची कड कातायचं चाक. म्हणजे मनात काय शिजत असेल बघा.

आता हे मला यादीत कधी सापडलं असतं का? शक्यच नाही. स्क्रिमशॉ हा शब्द मला माहीत नव्हता, माहीत नसलेला शब्द मी शोधणार कशी, आणि शीर्षकात तो दिसला असता तरी मी पुढे गेले असते.

मात्र संध्याकाळी आईला फोनवर दाखवायला गेले तर ते पान गायब. गायब म्हणजे असेल तिथेच कुठेतरी, पण मी मधे कुर्ल्याला फोन घेतला होता आणि तेवढ्यात ते सगळं ताजंतवानं होऊन बसलं, नवीन फोटो, नवीन माणसं. खाली गेले, खाली गेले, अंगठा दुखला. पान ४, वरून तिसरा प्रतिसाद, असं तिथे काही नसतंच ना. आमच्या मायबोलीवरही वाहती पानं आहेत, नवीन आलं की जुनं वाहून जातं, पण तिथे निदान नावातच सांगितलंय. आणि दुसरी एक गंमत म्हणजे चित्राशिवाय या फोटोवाल्या जागांवर कुणी ढुंकून बघत नाही हे लोकांना कळलंय, त्यामुळे गुडघेदुखीवर उपाय विचारायचा तरी माणूस सोबत सूर्यास्ताचा फोटो लावतो.

दिवाळीच्या आधी माहेरी गेले तेव्हा आईचं कातण फडताळातून मुद्दाम काढलं. पितळी, दांडा मधे पिळाचा, एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चपटा चमच्यासारखा भाग. चिंचेने घासलं, खिडकीत ठेवून फोटो काढला, आणि इतक्या वर्षांचा रोमातला मुक्काम संपवून एका जुन्या मराठी संस्थळावर धागा काढला. शीर्षक दिलं, ‘माहेरी सापडलेली पितळी वस्तू, हे काय आहे ओळखा पाहू’. फोटो चढवताना घाम निघाला, आधी तो दुसरीकडे कुठेतरी ठेवायचा, मग त्याची लिंक आणायची, रुंदी लिहायची, उंची लिहायची, शेवटी एकदाचा गेला.

पहिला प्रतिसाद, फोटो दिसत नाहीये.

दुसरा, मलाही नाही. तिसऱ्याने लिंक कशी द्यायची यावर दोन परिच्छेद लिहिले. चौथी कुणीतरी म्हणाली, फोटो दिसत नाहीये पण दिवाळीच्या तोंडावर माहेरी सापडलंय आणि पितळी आहे म्हणजे सोऱ्या नाहीतर कातण. तिथून गाडी जी सुटली. आमच्याकडे फिरकी म्हणतात. नाही हो, कातणंच. फिरकीचा तो तांब्या, प्रवासात न्यायचा. गोव्याच्या एकीने सांगितलं की आमच्या नेवऱ्यांना कातण लागत नाही, मुरड घालायची. यावर दुसरीने विचारलं की मुरड सगळ्यांना जमते का. मला जमत नाही, हे मी तिथे लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी फोटो आपोआप दिसायला लागला, का ते देव जाणे. तोवर ६४ प्रतिसाद झाले होते आणि वाद ओल्या नारळाच्या करंज्या बाहेर किती टिकतात यावर गेला होता. मधेच कुणीतरी एका ओळीत (पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा) लिहून गेलं, छान फोटो, पुलेशु.